आईंसाठी डिश मीच सुचवली, पण माथी मारली नाही

नमस्कार सर,

तुमचा 30 ऑगस्टचा रिव्ह्यू वाचला. एक स्टार दिलात. बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून तुमचं म्हणणं आधी थोडक्यात लिहितो. राजापूर तालुक्यातल्या गावच्या घरी डीटीएच बसवायचं काम तुम्ही आमच्या लालबागच्या दुकानाला दिलं. माणूस दोन दिवस उशिरा आला, बिल 300 रुपयांनी वाढलं, ऐन गणपतीत टीव्ही बंद पडला आणि दुकानात कुणी फोन उचलला नाही. शेवटी तुम्ही लिहिलंत, "हल्ली सगळं ओटीटीवर दिसतं. या माणसाला काही माहीत नाही, जुना माल आमच्या माथी मारला."

उशीर झाला, ही चूक आमची. त्याबद्दल मनापासून माफी मागतो. 22 ऑगस्टचा शब्द दिला होता, माणूस 24 ला पोचला. 19 ऑगस्टला मुंबईत काय पाऊस झाला ते तुम्हीही पाहिलंत, लोकल बंद होत्या, आमचा गाळा पाण्यात होता. बॉक्स आणि डिश ज्या ट्रॅव्हल्सने राजापूरला जायची ती गाडी दोन दिवस सुटलीच नाही. तरी तुम्हाला फोन करून सांगायला हवं होतं, ते राहिलं. 29 ला तुम्ही दोनदा फोन केलात तेव्हा मी माझ्या गावचा दीड दिवसाचा गणपती विसर्जन करून परतीच्या गाडीत होतो, रेंज नव्हती. दुकानाला कुलूप होतं. रात्री मिस्ड कॉल पाहिले, पण अकरा वाजून गेले होते, म्हणून केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी केला, तर तुम्ही उचलला नाहीत. तोवर रिव्ह्यू लिहून झाला होता.

300 रुपये वायरचे आहेत. बसवण्याच्या पैशात 10 मीटर वायर येते, हे पावतीवर छापलेलं आहे. तुमच्याकडे 25 मीटर लागली, कारण डिश पडवीवर नाही, गोठ्याच्या पुढच्या खांबावर लावावी लागली. जादा 15 मीटर, 20 रुपयांनी. त्यात आमचा एक रुपया नाही.

आता "माथी मारला" या शब्दाबद्दल. हा शब्द वाचून मला रात्री झोप लागली नाही, हे मी खोटं सांगत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो, राग मानू नका.

तुम्ही जुलैत दुकानात आलात तेव्हा 43 इंची स्मार्ट टीव्ही आधीच दुसरीकडून घेऊन झाला होता. तो माझ्याकडून घेतला नाहीत, तरी मी तुम्हाला बसवलं, चहा सांगितला आणि पहिला प्रश्न विचारला, आई काय बघतात? तुम्ही म्हणालात, संध्याकाळी सात ते साडेदहा मालिका आणि मध्ये बातम्या. दुसरा प्रश्न विचारला, घरात नेट कसं आहे? तुम्ही मोबाईलमधला स्क्रीनशॉट दाखवलात, 22 एमबीपीएस. मी विचारलं, हा कुठे काढलात? तुम्ही म्हणालात, एसटी स्टॉपवर. तेव्हा मी म्हटलं, आत्ता इथूनच आईंना फोन लावा. तुम्ही स्पीकरवर लावलात. आईंचा आवाज दोनदा तुटला, मग त्या म्हणाल्या, "थांब हां, खळ्यात येते." चपलांचा आवाज आला आणि मग त्यांचं बोलणं स्वच्छ ऐकू यायला लागलं. आठवतंय ना सर? त्या खळ्यात, म्हणजे बाहेर अंगणात आल्या आणि माझं उत्तर तिथेच ठरलं. ज्या माजघरात टीव्ही लावायचा, तिथे साधा फोन लागत नाही. टीव्हीला नेट कुठून देणार?

समजा रेंज असती. तरी हिशेब मी तुम्हाला कॅल्क्युलेटरवर करून दाखवला होता. ओटीटीवर साध्या चित्राला तासाला पाऊण ते एक जीबी लागतो, एचडीला तीन जीबीपर्यंत जातो. आई साडेतीन तास बघतात, म्हणजे साध्या चित्रातही रोज अडीच ते साडेतीन जीबी. त्यांच्या फोनवर रोज दीड जीबीचा पॅक आहे, तुम्हीच सांगितलंत. तो साडेआठ-नऊला संपणार, मग स्पीड 64 केबीपीएसवर येणार आणि पडद्यावर गोल फिरत राहणार. वर रोज हॉटस्पॉट लावा, टीव्हीवर अ‍ॅप उघडा, लॉगिन उडालं तर ओटीपी घ्या. आई एकट्या राहतात सर. त्यांना रिमोटचं लाल बटण दाबलं की चॅनल लागला पाहिजे. मी माझ्या आईसाठीही हेच केलंय.

फायबरचंही विचारलं होतं. खासगी कंपनीची फायबर तालुक्याच्या ठिकाणी आहे, तुमच्या वाडीपर्यंत नाही, हे तुमच्या भावाने फोनवर सांगितलं. भारतनेटची केबल ग्रामपंचायतींपर्यंत न्यायची योजना सरकारने 2011 साली मंजूर केली, पण पंचायतीच्या कपाटापर्यंत आलेली केबल वाडीतल्या घरात आपोआप येत नाही. ज्याच्या घरात फायबर आली आहे त्याला मी डिश विकत नाही. जूनमध्ये कर्जतजवळचं एक गिऱ्हाईक डिश घ्यायलाच आलं होतं. घरात फायबर आहे म्हणाले, तेव्हा मी सांगितलं, पैसे घालवू नका, त्यावरच बघा. ते रिकाम्या हाताने परत गेले. त्या दिवशी माझी बोहनी व्हायची होती.

आणि मी तुम्हाला सगळ्यात महाग गोष्टही सांगितली नव्हती. आधी डीडी फ्री डिश सांगितली. प्रसार भारतीची ही सेवा 2004 पासून आहे, एकदा बॉक्स आणि डिश घेतली की महिन्याला एक पैसा भरायचा नाही. सह्याद्री दिसते, बातम्या दिसतात, हिंदी पिक्चर दिसतात. गावातल्या कितीतरी घरांवर तीच आहे. पण आईंच्या ज्या दोन मालिका आहेत त्या पैशाच्या वाहिन्यांवर लागतात, त्या फ्री डिशवर नाहीत, हेही मी लपवलं नाही. तेव्हा तुम्हीच म्हणालात, "नको, आईच्या मालिका हव्यातच, डीटीएच लावा." पॅकसुद्धा मी कमी करून दिला, तुमच्या यादीतले स्पोर्टचे चॅनल काढले, कारण गावात मॅच बघणारं कुणी नाही. माल खपवणारा माणूस असं करतो का?

आता गणपतीतल्या बंद टीव्हीबद्दल. डिशला पावसाचा त्रास होतो, हे मी आधी सांगितलं होतं. सिग्नल 36,000 किलोमीटरवरून येतो, त्याची लहर जेमतेम अडीच सेंटिमीटरची. मुसळधार पावसात थेंबच ती शोषतात आणि विखुरतात. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथे जोराच्या सरीत पाच-दहा मिनिटं चित्र फाटणार, जाणार. तो बिघाड नाही. सर ओसरली की चित्र आपोआप येतं. सर ओसरूनही आलं नाही, तर मात्र कनेक्टरमध्ये पाणी गेलं असेल किंवा डिश हलली असेल.

तुमच्याकडे डिशच हलली होती सर. आणि ते तुमच्याच फोटोत दिसतंय.

रिव्ह्यूसोबत तुम्ही दोन फोटो टाकलेत. एकात "नो सिग्नल" लिहिलेला टीव्ही, दुसऱ्यात डिश. तो दुसरा फोटो मोठा करून बघा. खळ्यावर निळी ताडपत्री ताणली आहे, गणपतीला येणाऱ्या माणसांसाठी. तिच्या चार दोऱ्यांपैकी तीन झाडांना आणि वाशाला आहेत. चौथी पिवळी नायलॉनची दोरी डिशच्या दांड्याला बांधली आहे, ज्याच्या टोकाला एलएनबी, म्हणजे सिग्नल पकडणारा डबा असतो, बरोबर त्याच्या मागे. ताडपत्रीवर पाण्याचा फुगा साचलाय, आणि दोरी इतकी ताठ आहे की दांडा खाली आल्याचं फोटोतही कळतं. 60 सेंटिमीटरच्या डिशला दोन अंशांचा फरक पुरतो. दोन अंश म्हणजे डिशच्या कडेला बोटभर हललं की संपलं. आमच्या माणसाने तो खांब उगाच निवडला नव्हता. पडवीवरून आग्नेयेला परसातला फणस आडवा येतो, म्हणून गोठ्याच्या पुढच्या खांबावर, मोकळ्या आभाळाला तोंड करून, चार बोल्ट लावून डिश बसवली होती. 24 ला निघताना त्याने सिग्नल क्वालिटीचा फोटो मला पाठवला आहे, 84 टक्के. "पहिल्या दिवसापासून धड चाललं नाही" असं तुम्ही लिहिलंत, तेव्हा हा फोटो माझ्याकडे होता. 24 ते 27 आईंनी रोज मालिका बघितल्या, हे त्यांनीच आमच्या माणसाला सांगितलं.

दोरी कोणी बांधली ते मी विचारत नाही. गणपतीच्या घाईत घरात पंधरा माणसं असतात, जो सापडेल त्या खांबाला दोरी बांधतात. आमच्याही घरी हेच होतं. पण ती दोरी आमच्या माथ्यावर का?

गौरी-गणपतीचं विसर्जन 2 तारखेला झालं. 3 तारखेला सकाळी आमचा माणूस स्वतःहून गेला, तुम्ही मुंबईला निघाला होतात. त्याने दोरी सोडली, दांडा सरळ केला, बोल्ट आवळले, कनेक्टर बदलला. अर्ध्या तासात चित्र आलं. त्याचे पैसे घेतलेले नाहीत, घेणारही नाही. आईंनी त्याला कोरा चहा दिला आणि त्याच्याकडून रिमोटवरचा बातम्यांचा नंबर कागदावर लिहून घेतला.

माझ्या वडिलांनी हा गाळा 1983 ला घेतला. आदल्या वर्षी एशियाडमुळे रंगीत टीव्ही आला होता आणि लालबागच्या चाळींच्या कौलांवर चढून ते अँटेना फिरवायचे, खाली खिडकीतून कुणीतरी ओरडायचं, "आलं, आलं, आता हलवू नका." मी दहा वर्षांचा असताना ती खालची खिडकी माझ्याकडे होती. पुढे केबल आली, डिश आली, आता ओटीटी आलं, प्रत्येक वेळी आम्ही शिकत गेलो. लोक आता टीव्ही घेतात मॉलमधून, रिचार्ज करतात मोबाईलवरून. आमच्याकडे येतात ते असं काही विचारायला, आणि बहुतेक चाकरमानी, गावच्या घरासाठी. एक माणूस "काही माहीत नाही" लिहितो आणि ते दहा जण वाचतात. गणपतीनंतर दोन जणांनी बुकिंग रद्द केलं. रिव्ह्यू वाचून केलं की कसं, ते मी विचारलं नाही.

फोनची व्यवस्था आम्ही सुधारतो आहोत. सणाच्या दिवसांत कुणीतरी फोनवर असेल असं बघू. डिशला काही बांधू नये, हेही पावतीवर छापून घेऊ.

रिव्ह्यू काढून टाका असं मी म्हणणार नाही. उशिराबद्दल लिहिलंत ते राहू दे, ते खरं आहे. फक्त "माथी मारला" हे वाक्य आणि तो फोटो, या दोन्हींकडे एकदा पुन्हा बघा, एवढी विनंती. दुकानात आलात तर 84 टक्क्यांचा फोटो दाखवतो, आणि चहा आधीसारखाच मिळेल.

आणि एक, आईंचा पॅक 24 ऑगस्टपासून 30 दिवसांचा आहे, 22 सप्टेंबरला संपतो. त्याच दिवशी घटस्थापना आहे. आदल्या दिवशी रिचार्ज करून ठेवा. तुम्हाला वेळ नसेल तर मला एक मेसेज टाका, मी करतो, पैसे सावकाश द्या.