बॉडी निगेटिव्ह असते, पण कोणताही स्क्रू चालत नाही

व्हॅनचे कॅम्पर, म्हणजे मुक्कामाची गाडी, करून घेणाऱ्या नाशिककरांच्या मोबाइलवर सध्या एक संदेश फिरतो आहे. गाडीची सगळी बॉडी निगेटिव्हच असते, त्यामुळे दिवे, पंखा, फ्रिज यांची निगेटिव्ह वायर जवळच्या कोणत्याही स्क्रूला जोडावी. ती बारीक असली तरी चालते. जोड तपासताना मल्टिमीटर वाजला की तो पक्का समजावा. आणि चाके रबरी असल्याने इन्व्हर्टरला अर्थिंग लागत नाही, असा त्याचा आशय आहे. यातले पहिले विधान बरेचसे खरे आहे आणि त्याच्याच आधाराने बाकीची खपून जातात.

बॉडीतून निगेटिव्ह परत नेणे ही वाहन कंपन्यांचीच पद्धत आहे, परंतु त्यासाठी त्या ठरावीक जागी बोल्ट देतात. जवळचा कोणताही स्क्रू रंगाच्या थरावर, फायबरच्या पॅनेलमध्ये किंवा रबरी बुशवर बसवलेल्या पट्टीत असू शकतो. रंगातून वीज वाहत नाही. स्क्रूच्या आट्यांपुरता धातू धातूला टेकतो आणि त्र्यंबक-इगतपुरीकडच्या पावसात तेथे गंज धरला की तोही संपर्क जातो. म्हणून लगच्या (वायरच्या टोकाला बसवायच्या धातूच्या कडीच्या) तोंडाएवढा रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत करावा, वायरवर नीट क्रिंप केलेली, म्हणजे दाबून घट्ट बसवलेली, लग थेट त्यावर बसवावी, वर दातेरी वॉशर घालून नट आवळावा आणि सगळे झाल्यावर जोडावर ग्रीस लावावे. सीटबेल्टच्या बोल्टला मात्र या कामासाठी हात लावू नये.

बारीक वायरबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. प्लसमधून जितके अँपिअर जातात तितकेच निगेटिव्हमधून परत येतात. तेव्हा दोन्ही वायरी सारख्याच जाडीच्या हव्यात.

सर्वांत फसवा मुद्दा मीटरचा आहे. कंटिन्युइटी, म्हणजे वायर अखंड आहे का, हे तपासताना मीटर अगदी क्षीण प्रवाह सोडतो आणि जोडात काही ओहमचा अडथळा असला तरी खुशाल वाजतो. आता हिशेब पाहा. फ्रिज 5 अँपिअर घेत असेल आणि जोडात फक्त 0.2 ओहम अडथळा असेल, तर तेथेच 1 व्होल्ट खर्ची पडतो. बॅटरीवर 12.6 व्होल्ट असताना फ्रिजला 11.6 मिळतात; सुरू होताना कॉम्प्रेसर जास्त प्रवाह ओढतो, तेव्हा त्याहूनही कमी. मग गंगापूर धरणाच्या काठी रात्री कॉम्प्रेसर सुरू होण्याची धडपड करून बंद पडतो आणि दोष बिचाऱ्या बॅटरीला लागतो. 1000 वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण भारावर 90 अँपिअरच्या आसपास घेतो. त्याच्या जोडात 0.01 ओहम जरी असला तरी एका नटाखाली सुमारे 80 वॅट उष्णता तयार होते. साधी सोल्डरिंग आयर्न 25 वॅटची असते. म्हणून इन्व्हर्टरची निगेटिव्ह केबल बॉडीच्या भरवशावर न सोडता थेट बॅटरीच्या निगेटिव्ह बसबारपर्यंत (अनेक वायरी एकत्र जोडायच्या धातूच्या पट्टीपर्यंत) न्यावी, आणि जोडाची परीक्षा उपकरण चालू ठेवून घ्यावी: मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे उपकरणाच्या निगेटिव्हला लावावे. आकडा 0.2 व्होल्टच्या वर गेला, तर जोड किंवा वायर बदलावी.

राहिला रबरी चाकांचा मुद्दा, आणि तो तर संदेशाच्याच विरुद्ध जातो. एखाद्या कृषी पर्यटन केंद्रावर बाहेरून 230 व्होल्टची जोडणी घेतली, प्लग दोन पिनांचा आहे आणि आत कोठेतरी फेजची वायर पत्र्याला टेकली आहे, असे समजा. टायरमुळे गाडी जमिनीपासून तुटलेली असल्याने ती वीज जमिनीत उतरत नाही, फ्यूजही उडत नाही. बॉडी तशीच जिवंत राहते आणि ओल्या मातीवर अनवाणी उभे राहून दाराची कडी धरणाऱ्याच्या अंगातून वाट काढते. त्यामुळे बाहेरच्या जोडणीची अर्थ वायर चासीला (गाडीच्या धातूच्या सांगाड्याला) पक्की जोडलेली हवी आणि प्रवेशाशीच 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, हवा. गाडीतल्या इन्व्हर्टरचे न्यूट्रल चासीला जोडावे की नाही, हे मात्र त्याच्या पुस्तिकेत पाहूनच ठरवावे. काही स्वस्त इन्व्हर्टरमध्ये दोन्ही टोके जिवंत असतात आणि तसे जोडल्यास ते जळतात, तर काहींमध्ये ती जोडणी नसेल तर आरसीसीबी असूनही पडत नाही.