आधी मालकाला विचारा ना!
अमेरिकन टीव्हीवर पुन्हा तेच! घरच्यांनी संगनमत करून नवऱ्याची जुनी मसल कार, म्हणजे दांडग्या इंजिनाची अमेरिकन गाडी, गुपचूप पळवायची, कापूनकुपून, रंगवून त्याच्यासमोर उभी करायची, आणि तो रडला की म्हणायचं, आनंदाश्रू! अहो, १९६९ ची डॉज चार्जर आर/टी घ्या. तिचं ३७५ हॉर्सपॉवरचं ४४० मॅग्नम इंजिन, त्याच्या ब्लॉकवर ठोकलेला नंबर गाडीच्या नंबराशी जुळतो, म्हणजे इंजिन मूळचंच, म्हणून तर तिला मोल. ते उपटून नवीन बसवलं, खाली २० इंची चाकं लावली, की संपलं! डॅशबोर्डवरची ओळखीची चीर, वडिलांच्या हाताने गुळगुळीत झालेली गिअरची मूठ, सगळं भंगारात. गंजून पडलेली गाडी असेल तर एखादा खूश होईलही. पण निदान रंग कुठला हवा, एवढं तरी विचाराल?