'५२०० मारा, प्रीसेट फिरवा': फिरत्या मेसेजला उत्तर

गणपती जवळ आले की कोल्हापुरातल्या कार-ऑडिओवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. मजकूर थोडक्यात असा: गाडीतल्या ॲम्पचा प्रोटेक्ट लाइट (बिघाड दाखवणारा दिवा) लागला म्हणजे आउटपुट (स्पीकरला करंट देणारे मोठे ट्रान्झिस्टर) गेले. मीटरवर शॉर्ट दाखवेल तेवढाच ट्रान्झिस्टर बदला. जुना नंबर मिळाला नाही तर डोळे झाकून ५२००-१९४३ या ट्रान्झिस्टरांची जोडी मारा, ती सगळ्यात दणकट. बायसचा (गाणं नसतानाही आउटपुटमधून वाहणाऱ्या थोड्या करंटचा) प्रीसेट, म्हणजे तो ठरवणारा बोर्डावरचा छोटा स्क्रू, आवाज गोड होईपर्यंत फिरवा. फ्यूज उडतच असेल तर मोठा घाला. खाली 'नाद खुळा' आणि अंगठ्यांची रांग.

प्रोटेक्ट लाइटचं आधी उरकून घेऊ. स्पीकरची वायर डिकीच्या पत्र्याला टेकली तरी तो लागतो, बॅटरीचा व्होल्टेज पडला तरी लागतो. सप्लायच्या बाजूचे मॉसफेट (बॅटरीचा व्होल्टेज वाढवणारे ट्रान्झिस्टर) गेले तर बऱ्याचदा लाइटच्या आधी फ्यूजच उडतो. स्पीकर आणि आरसीएच्या (गाण्याचा सिग्नल आणणाऱ्या) सगळ्या पिना काढून ॲम्प एकटा चालू करून बघा. लाइट विझला तर पाना हातात घ्यायचीही गरज नाही.

आता 'शॉर्ट तेवढाच बदला'. एका चॅनेलला चार जोड्या समांतर असल्या आणि त्यातला एक शॉर्ट झाला, तर त्या क्षणी बाकीच्यांतूनही बेसुमार करंट गेलेला असतो. मीटरवर ते ठीक दाखवतात, पण त्यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही. शिवाय जुन्या तिघांत नवा एक घातला की त्याचा गेन (करंट किती पट वाढवतो तो आकडा) आणि बेस-एमिटर व्होल्टेज वेगळा पडतो. एक बैल सगळा गाडा ओढतो आणि बाकीचे नुसते चालतात, तसं होतं. म्हणून त्या चॅनेलचे सगळे एकाच लॉटचे टाका. चांगल्या चॅनेलला मात्र उगाच हात लावू नका, कंपनीचा अस्सल माल आज मिळणं सोपं नाही. आणि आउटपुटबरोबर ड्रायव्हर (आउटपुटला चालवणारे छोटे ट्रान्झिस्टर), बेसचे छोटे रेझिस्टर आणि ०.२२ किंवा ०.१ ओहमचे एमिटर रेझिस्टर तपासल्याशिवाय नवा ट्रान्झिस्टर लावूच नका. सिमेंटचा पांढरा रेझिस्टर बाहेरून टकाटक दिसतो आणि आतून तुटलेला असतो.

मेसेजमधली सगळ्यात महागात पडणारी ओळ ५२०० ची. सी-५२०० आणि ए-१९४३ ही तोशिबाची जोडी चांगलीच आहे, घरगुती ॲम्पमध्ये तिनं नाव कमावलंय. पण तिची ताकद व्होल्टेजमध्ये आहे: २३० व्होल्ट, १५ अँपिअर. कार ॲम्पमध्ये जागोजागी दिसणारा टीआयपी ३५सी फक्त १०० व्होल्टचा, पण २५ अँपिअरचा. गाडीच्या ॲम्पमध्ये रेल (आउटपुटला मिळणारा आतला सप्लाय) समजा अधिक-उणे ३० व्होल्ट. तिथे २३० व्होल्ट घेऊन करायचं काय? उलट २ ओहमचा वूफर लावला तर टोकाला १५ अँपिअरपर्यंत करंट मागितला जातो. चॅनेलला एकच जोडी असेल तर ५२०० तिथेच कडेलोटावर उभा. म्हणजे दणकट म्हणून लावला तो करंटच्या हिशेबात हलका निघाला.

दुसरी भानगड वेगाची. टीआयपी ३५सी साधारण ३ मेगाहर्ट्झचा, ५२०० साधारण ३० चा. मूळ सर्किट संथ ट्रान्झिस्टर धरून बांधलेलं असतं, त्यात दहापट वेगवान बसवला की ॲम्प ऐकू न येणाऱ्या फ्रीक्वेन्सीवर ऑसिलेट व्हायला (आपणहून सिग्नल काढायला) लागू शकतो. गाणं बंद, स्पीकर शांत, तरी हीटसिंक तापलेला. मीटरवर काही दिसत नाही, स्कोप (सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावला तरच कळतं.

आणि ५२०० च्या नावाखाली काय विकलं जातं ते तर सगळ्यांना माहीत आहे. जळालेला एखादा व्हाइसमध्ये धरून फोडून बघा. अस्सलच्या आत तांब्याच्या पत्र्यावर मोठी चिप असते, डुप्लिकेटमध्ये त्याच आकाराच्या काळ्या अंगात बारकी टिकली निघते. छपाई दोन्हीवर झकास.

बायस कानाने लावायचा म्हणतात, त्यात अर्धं खरं आहे. बायस अगदीच कमी असेल तर हळू आवाजात खरखर येते आणि ती कानाला कळते. पण एकदा ती गेली की पुढे ३० मिलिअँपिअर आणि ३०० मिलिअँपिअर यांतला फरक कोणाच्याही कानाला कळत नाही. तो हीटसिंकला कळतो. जोडीवर ६० व्होल्ट असतील तर ३० मिलिअँपिअरला १.८ वॉट, ३०० ला १८ वॉट. चार जोड्यांचे ७२ वॉट, तेही नुसतं बसल्या जागी. ट्रान्झिस्टर एक डिग्री तापला की त्याचा बेस-एमिटर व्होल्टेज सुमारे २ मिलिव्होल्टनं उतरतो, करंट वाढतो, तो आणखी तापतो. हे थोपवायला बायसचा छोटा ट्रान्झिस्टर हीटसिंकला चिकटवलेला असतो. आउटपुट बदलताना तो बाजूला काढून तसाच लोंबकळत ठेवलेला ॲम्प बंद डिकीत, एप्रिलच्या उन्हात किती टिकणार?

करायचं असं: पहिल्यांदा चालू करताना बॅटरीच्या पॉझिटिव्हमध्ये हेडलाइटचा १२ व्होल्ट ५५ वॉटचा बल्ब सीरिजला घ्या. लख्ख पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करा. बायसच्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर-एमिटरवर मीटर लावून प्रीसेट सर्वांत कमी व्होल्टेजवर आणा. कुठल्या दिशेला कमी होतो हे प्रत्येक बोर्डावर वेगळं असतं, म्हणून 'उजवीकडे फिरवा' हा सल्ला मोडीत काढा. मग बल्ब काढा, स्पीकर नको, इनपुट नको. मीटर २०० मिलिव्होल्टवर ठेवून एमिटर रेझिस्टरवर लावा. ०.२२ ओहमवर ५.५ मिलिव्होल्ट म्हणजे २५ मिलिअँपिअर. सर्व्हिस मॅन्युअलचा आकडा असेल तर तो घ्या, नसेल तर जोडीमागे २० ते ३० च्या आसपास थांबा. पंधरा-वीस मिनिटांनी हीटसिंक गरम झाल्यावर परत बघा, आकडा चढतच असेल तर थोडा खाली आणा. क्लास डी मोनोब्लॉकला (स्विचिंगवर चालणाऱ्या एकाच चॅनेलच्या ॲम्पला) हे काहीच लागू नाही, तिथला प्रीसेट बायसचा समजून फिरवू नका.

मायकाचं, म्हणजे ट्रान्झिस्टर आणि हीटसिंक यांच्यामधल्या करंट अडवणाऱ्या पातळ चकतीचं, मेसेजमध्ये नावही नाही. स्क्रूच्या भोकाजवळ ॲल्युमिनियमची बारीक बुरी (कुसळ) राहिली की ती मायका भोसकते आणि कलेक्टर सरळ बॉडीला. घट्ट करण्याआधी भोक ड्रिल बिटनं हातानं दोन वेढे साफ करा, पेस्ट पातळच लावा.

राहिला फ्यूज. तो ॲम्पपेक्षाही बॅटरीपासून डिकीपर्यंत गेलेल्या वायरसाठी असतो. ३० अँपिअरची वायर आणि ६० चा फ्यूज म्हटल्यावर शॉर्टमध्ये आधी वायर तापणार, तीही सीटच्या आणि मॅटिंगच्या खालून गेलेली. फ्यूज उडतोय तोवर भावा, ॲम्प गिऱ्हाइकाला देऊच नको.