सायकल गेली, पंच हवेत

ऐरोलीत माणसाची वस्तू चोरीला गेली की पहिली चौकशी चोराची होत नाही, ज्याची गेली त्याची होते. कुलूप कसलं होतं? साखळी चाकातून घातली होती की नुसती दांड्याला? आणि रात्री खाली ठेवलीच कशाला? माझ्या मुलाची गियरची सायकल पार्किंगमधून गेली त्या सकाळी या सगळ्यांची उत्तरं मी जिन्यातच दिली. तेवढ्यात घरात दूध उतू गेलं. त्याचीही चौकशी झालीच, पण ती सासूबाईंनी केली.

पोलिसांविषयी आमच्या सोसायटीचं एकमत आहे: 'काही होत नाही.' पाण्याची वेळ, गणपतीची वर्गणी, गच्चीच्या चाव्या, कशावरच न होणारं एकमत इथे मात्र होतं. ते कुठल्या अनुभवावर बेतलेलं आहे हे विचारण्यात अर्थ नाही. पासपोर्टच्या व्हेरिफिकेशनसाठी गेलेले सोडले, तर पोलीस ठाण्याची पायरी चढलेलं माणूस बिल्डिंगमध्ये औषधालाही नाही.

अपवाद दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचा. तेही कधी गेलेले नाहीत, पण त्यांना सगळं माहीत असतं. "जाऊ नका," ते म्हणाले. "आधी तुम्हालाच तासभर बसवतील. मग म्हणतील, ही आमची हद्दच नाही. आणि एफआयआरची कॉपी हवी तर चहापाणी."

हद्दीचा मुद्दा आमच्याकडे अगदीच हवेतला नाही. आमचा जिल्हा ठाणे, खासदार ठाण्याचा, महापालिका नवी मुंबईची आणि पोलीस आयुक्तालयही नवी मुंबईचं. खाडीपूल ओलांडला की मुलुंड, म्हणजे मुंबई पोलीस. काकांच्या मते सायकल एव्हाना पुलापलीकडे पोचली होती. "ऑक्टोबर 2024 पासून छोट्या गाड्यांचा टोल काढला ना, चोरांचं फावलंय नुसतं!" सायकलला टोल आधीही नव्हता, पण वयाचा मान ठेवून मी गप्प बसले.

मग सीसीटीव्ही. सोसायटीत कॅमेरे चार. एक सेक्रेटरींच्या गाडीवर रोखलेला. दुसरा कचऱ्याच्या डब्यांवर, ओला-सुका कोण एकत्र टाकतं ते धरायला. तिसरा बंद. चौथ्यासमोर मधुमालती इतकी फोफावली आहे की रात्रभराच्या फुटेजमध्ये पानं हलताना दिसली, मधेच जास्त हलताना दिसली, आणि सेक्रेटरी म्हणाले, "हा बघा, हाच तो!"

खरा घोळ घातला तिसऱ्या मजल्यावरच्या, लॉ करणाऱ्या मुलीने. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, एवढं मी पेपरात वाचलं होतं. तिने कलम 303 उघडून दाखवलं. चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद. पण माल पाच हजारांच्या आतला असेल, चोराचा पहिलाच गुन्हा असेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. "आणि काकू, पाच हजारांच्या आतली चोरी अदखलपात्र. म्हणजे एनसी. कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासच करता येत नाही."

जिना एकदम शांत झाला. सगळ्यांच्या डोक्यात एकच प्रश्न: सायकलची किंमत काय?

सायकल 2022 मध्ये घेतली तेव्हा बिल होतं 11,500 रुपयांचं. पण दोनेक महिन्यांपूर्वी आमच्या ह्यांनी तीच सायकल सोसायटीच्या ग्रुपवर विकायला टाकली होती, '4,500, थोडं कमी-जास्त होईल' असं लिहून. कमी-जास्त कमीच्याच दिशेने झालं. याच काकांनी नातवासाठी ती दोन हजारांना मागितली होती. वर "ब्रेक बदलून द्याल ना?" असंही विचारलं होतं. तेच काका आता म्हणत होते, "पंधरा हजार सांगा. इम्पोर्टेड म्हणा."

"आणि पाच हजारांच्या आत निघाली तर?" सेक्रेटरींनी विचारलं. "ती समाजसेवा आपल्या सोसायटीत करून घेता येईल का? गच्चीची टाकी साफ करायची राहिलीय."

गेले मी पोलीस ठाण्यात. काकांच्या भाकितांपैकी एकच खरं ठरलं, बसवलं मात्र खूप वेळ. पण माझ्या आधी एक आजी होत्या, सकाळी फिरताना गळ्यातली पोत ओढून नेलेल्या. त्यांच्यापुढे सायकल घेऊन घुसायची मलाच लाज वाटली. त्या बाकावर तासभर बसलं की एरवी न दिसणारं दिसतं. वायरलेस अखंड कुरकुरत असतो, एक हवालदार बंदोबस्ताहून येतो आणि जेवणाचा डबा न उघडताच दुसऱ्या बंदोबस्ताला जातो. तरी सगळं गोड होतं असं नाही. एक साहेब मोबाइलमधून मान वर न करता म्हणाले, "सायकलच ना? मिळेल हो. पोरंच नेतात, फिरवतात, टाकून देतात." हे सांत्वन होतं की कटवणं, ते अजून मला ठरवता आलेलं नाही.

माझी तक्रार लिहून घेतली एका हवालदार ताईंनी.

"फ्रेम नंबर?"

सायकलला असा नंबर असतो, पेडल जोडतात तिथे फ्रेमच्या खालच्या बाजूला कोरलेला, हे मला तिथेच कळलं. नशिबाने तो बिलावरही होता.

"किंमत?"

मी बिल पुढे केलं. त्यांनी सायकलीचं वय विचारलं, साहेबांना विचारलं आणि लिहिलं: अंदाजे 6,500. ग्रुपवरचा 4,500 चा मेसेज आठवून मला घाम फुटला. एफआयआरची प्रत फुकट मिळाली, तशी ती कायद्यानेच मिळते. चहा त्यांनीच मला पाजला.

"उद्या पंचनाम्याला येतो, ताई," त्या म्हणाल्या. "दोन पंच लागतील. तुमच्या सोसायटीतलेच बघून ठेवा."

त्यात काय अवघड, मला वाटलं. आमच्याकडे तर अख्खा जिना तज्ज्ञांनी भरलेला.

दुसऱ्या दिवशी पोलिसांची गाडी गेटातून आत आली आणि जिना रिकामा झाला. सेक्रेटरींना अचानक बँकेत जायचं होतं. लॉ करणाऱ्या मुलीची परीक्षा होती. ती म्हणाली, पंच झालं तर पुढे कधीही साक्षीला बोलावतात, आणि हे तिने इतक्या मोठ्याने सांगितलं की उरलेली दोन दारंही बंद झाली. काकांकडे मी स्वतः गेले. दार काकूंनी उघडलं. "ह्यांचं बीपी वाढलंय," त्या म्हणाल्या. आतून क्रिकेटच्या कॉमेंट्रीचा आवाज येत होता, तो बंद झाला.

शेवटी कोपऱ्यावरचे इस्त्रीवाले आणि किराणा दुकानातला सामान पोचवणारा मुलगा पंच झाले. इस्त्रीवाल्यांनी पंचनामा पूर्ण वाचून घेतला आणि 'उत्तरेस भिंत' लिहिलं होतं तिथे ती बाजू पश्चिम आहे हे हवालदार ताईंच्या नजरेला आणलं. खाडोखोड करून दोघांनी तिथे पुन्हा सह्या केल्या. मधुमालतीचा फोटोही निघाला.

संध्याकाळी ग्रुपवर काकांचा मेसेज आला: 'आज पोलीस आले आणि जेमतेम पाच मिनिटांत निघून गेले. सगळा देखावा! म्हणूनच आपली माणसं तक्रार करायला धजावत नाहीत.'

पंचनाम्यावर दोन सह्या मिळवायला मी मजले पालथे घातले होते. त्या मेसेजखाली चहा होईपर्यंत सोळा अंगठे उमटले, त्यातला एक आमच्या ह्यांचा.