गोल प्रतिमा सर्व्हरवरच कापून ठेवाव्यात, हा सल्ला का टिकत नाही

मोबाइल अ‍ॅप बनवणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षे फिरत आहे. वापरकर्त्याचे छायाचित्र गोल चौकटीत दाखवायचे असेल तर ते फोनवर गोल करण्याच्या भानगडीत पडू नये, अपलोड होताच सर्व्हरवर गोल कापून आणि कोपरे पारदर्शक करून पीएनजी (पारदर्शकता ठेवू शकणारा चित्रफाइलीचा प्रकार) म्हणून साठवावे आणि अ‍ॅपने ती फाइल जशीच्या तशी दाखवावी, असे तो सांगतो. त्यासाठी पाच कारणे दिली जातात: फोनवर गोलाई दिली की यादी सरकवताना अडखळते, कोपरे गेल्यामुळे फाइल आणि मेमरी दोन्ही वाचतात, फोनवर कापलेल्या कडा दातेरी दिसतात, एकदा कापले की सर्वत्र सारखेच दिसते, आणि स्पर्शही आपोआप गोलापुरता राहतो. यांपैकी दोन कारणांत एकेकाळी तथ्य होते, बाकीच्यांत तेव्हाही नव्हते. गोलाई ही छायाचित्र दाखवण्याची रीत आहे आणि ती साठवलेल्या फाइलमध्ये कोरून टाकली की पुढे अनेक दारे बंद होतात, असे माझे मत आहे. ते का, हे याच क्रमाने पाहू.

पहिले कारण वेगाचे आहे आणि सल्ल्याचा सारा डोलारा त्यावरच उभा आहे. आयओएसवर थराला (पडद्यावरच्या घटकाच्या चित्राला) कॉर्नररेडियस, म्हणजे कोपऱ्यांची गोलाई, देऊन मास्कस्टूबाउंड्स, म्हणजे त्याबाहेरचे झाकणे, चालू केले की जीपीयूला, म्हणजे चित्र रंगवणाऱ्या चिपला, तो थर थेट पडद्यावर रंगवता येत नसे. आधी बाजूच्या बफरमध्ये (मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत) रंगवायचा, मग कोपरे झाकायचे आणि मग तो पडद्यावर आणायचा, असा फेरा पडे. यालाच ऑफस्क्रीन रेंडरिंग म्हणतात, आणि एका पडद्यावर अशी पंधरा-वीस वर्तुळे असली की जुन्या फोनवर यादी खरोखरच अडखळे. अँड्रॉइडवर कॅनव्हासच्या क्लिपपाथला, म्हणजे चित्र ठरावीक आकारात कापणाऱ्या आज्ञेला, हार्डवेअरची साथ ४.३ या आवृत्तीपासून मिळाली, त्यामुळे त्याआधीच्या काळातली तक्रारही खोटी नव्हती. मात्र थरात केवळ प्रतिमा असेल, पार्श्वरंग आणि उपथर नसतील, तर पुढच्या आयओएस आवृत्त्यांनी हा फेरा टाळला. अँड्रॉइडवर बिटमॅपशेडर वापरून, म्हणजे छायाचित्रालाच रंग मानून त्याने वर्तुळ भरण्याची युक्ती रूढ झाली, तिच्यात कापाकापी मुळात होतच नाही. आणि २०१४ च्या अँड्रॉइड ५.० पासून व्ह्यूला, म्हणजे पडद्यावरच्या घटकाला, वर्तुळाकार आउटलाइन देऊन त्याप्रमाणे छाटण्याची सोय व्यवस्थेतच आली. छायाचित्रे आणून दाखवणाऱ्या ग्लाइडसारख्या तयार लायब्ररीचे सर्कलक्रॉप तर छायाचित्र फोनवर एकदाच गोल कापते आणि तो परिणाम कॅशमध्ये ठेवते, त्यामुळे ‘प्रत्येक फ्रेमला नव्याने खर्च’ हा आरोप तिला लागूच होत नाही.

मग याद्या आजही अडखळतात त्या कशामुळे? सेकंदाला ६० फ्रेम दाखवणाऱ्या पडद्यावर एका फ्रेमला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात, १२० वाल्यावर ८.३. एवढ्या वेळात वर्तुळ भरणे ही फोनसाठी किरकोळ गोष्ट आहे, पण ४०००×३००० पिक्सेलचे छायाचित्र डीकोड करणे, म्हणजे दाबलेल्या फाइलीतून पिक्सेल उलगडणे, मुळीच किरकोळ नाही. दर पिक्सेलला ४ बाइट धरले तर असे एक छायाचित्र मेमरीत ४,८०,००,००० बाइट व्यापते. तेच १४४×१४४ पिक्सेलच्या वर्तुळापुरते मागवले तर ८२,९४४ बाइट पुरतात, म्हणजे फरक सुमारे ५७९ पटींचा. माझ्यासमोर आलेल्या एका संपर्कयादीत सर्वांचा संशय गोलाईवरच होता. आम्ही गोलाई देणारी ओळ काढून टाकली, यादीत चौकोनी चेहरे दिसू लागले आणि ती पूर्वीइतकीच अडखळत राहिली. मग ओळ परत घातली, छायाचित्रे दाखवायच्या मापाची मागवली आणि अडखळणे थांबले. सर्व्हरवर गोल कापणाऱ्यांना जो फायदा झालेला दिसतो, तो बहुतेक वेळा कापताना सहज केलेल्या या लहान मापाचा असतो. श्रेय मात्र वर्तुळाला जाते.

गोलाई महाग पडूच शकत नाही, असे नाही. फ्लटर या अ‍ॅप बनवण्याच्या साधनात अँटीएलियसविथसेव्हलेयर हा कापण्याचा पर्याय गरज नसताना निवडला, किंवा आयओएसवर त्याच थराला छाया आणि पार्श्वरंगही जोडला, तर तो जुना फेरा परत येतो. हा पद्धत निवडण्यातला दोष झाला आणि तो एका ओळीत दुरुस्त होतो. एक्सकोड या अ‍ॅपलच्या साधनातल्या सिम्युलेटरमध्ये (संगणकावर चालणाऱ्या नकली फोनमध्ये) ऑफस्क्रीन रंगवलेले भाग पिवळे दाखवण्याची सोय आहे, त्यामुळे याबाबत अंदाजावर विसंबण्याचे कारण नाही.

दुसरे कारण बचतीचे. चौरसात बसणारे मोठ्यात मोठे वर्तुळ चौरसाचे ७८.५४ टक्के क्षेत्र व्यापते, तेव्हा कोपरे कापले की २१.४६ टक्के वाचायला हवेत, असा हा हिशेब दिसतो. कागदावर तो बरोबर आहे, मेमरीत मात्र चालत नाही. बिटमॅप म्हणजे सारख्या लांबीच्या ओळींची चौकट. तिच्यातला पूर्ण पारदर्शक पिक्सेलही अपारदर्शक पिक्सेलइतकेच ४ बाइट खातो. १९२×१९२ चे छायाचित्र चौरस असो की पारदर्शक कोपऱ्यांचे, ते १,४७,४५६ बाइटच घेते. उलट, पारदर्शकता नसलेले छायाचित्र अँड्रॉइडवर दर पिक्सेलला २ बाइटच्या आरजीबी ५६५ रचनेत ठेवून जागा निम्मी करता येते. कोपरे पारदर्शक केले की ही वाट बंद होते, कारण त्या रचनेत पारदर्शकतेला जागाच नाही.

फाइलच्या आकारात तर हा सल्ला सरळ तोट्याचा आहे. जेपेगला पारदर्शकता साठवता येत नाही म्हणून पीएनजी घ्यावा लागतो आणि पीएनजी एकही पिक्सेल न गमावता दाबतो. सपाट रंगाच्या चिन्हांसाठी हे उत्तमच आहे, पण त्वचा, केस, कापडाचा पोत अशा बारीक चढउतारांनी भरलेल्या छायाचित्राची फाइल त्यात कितीतरी पटींनी मोठी होते. कोपऱ्यांतले थोडे वाचवायला जाऊन उरलेल्या भागात त्याच्या अनेक पट मोजावे लागतात. वेबपी या चित्रप्रकारात पारदर्शकता आणि भरपूर दाब दोन्ही साधतात, हे खरे आहे. पण मग तुलनाही चौरस वेबपीशी व्हायला हवी, आणि तिथे पारदर्शकतेचा अख्खा थर जास्तीचा साठवावा लागतो.

दातेरी कडांच्या मुद्द्यात थोडे तथ्य आहे आणि तो जरा जवळून पाहण्यासारखा आहे. पिक्सेल चौकोनी असतात, त्यामुळे वर्तुळाची रेषा काही पिक्सेलांच्या मधोमध जाते. असा पिक्सेल पूर्ण भरला किंवा पूर्ण सोडला तर पायऱ्या दिसतात. जितका भाग वर्तुळात येतो तितकाच रंग त्याला दिला तर कडा गुळगुळीत भासते, आणि यालाच अँटी-एलियसिंग म्हणतात. अँड्रॉइडवरचा क्लिपपाथ हे करत नसे, त्यामुळे त्याने कापलेल्या चेहऱ्यांना करवतीसारखी कड येई, आणि ही तक्रार तिथूनच जन्मली. वर्तुळ शेडरने रंगवले आणि पेंटवर अँटी-एलियसिंग चालू ठेवले की ती मिटते.

आता सर्व्हरवर कापलेली कड पाहा. ४८ डीपीचे (डीपी म्हणजे पडद्याच्या घनतेनुसार पिक्सेलांत बदलणारे अँड्रॉइडचे माप) वर्तुळ वेगवेगळ्या घनतेच्या पडद्यांवर ४८, ७२, ९६, १४४ किंवा १९२ पिक्सेलचे होते. सर्व्हरने ९६ ला कापलेली कड १४४ वर ताणली की ती धूसर होते, कारण तिच्यातले अर्धवट भरलेले पिक्सेलही चित्रासोबतच ताणले जातात. चेहरा किंचित मऊ झाला तर कोणाच्या लक्षात येत नाही, पण वर्तुळाची रेषा मऊ झाली की डोळ्याला ते लगेच जाणवते. त्यातही काही जण पारदर्शकतेचा खर्च टाळण्यासाठी कोपरे पांढरे भरून जेपेगच ठेवतात. पांढऱ्या पार्श्वभूमीवर ते निभावून जाते, पण २०१९ मध्ये अँड्रॉइड १० आणि आयओएस १३ यांनी गडद रंगरूप सर्वत्र आणले तेव्हा अशा अ‍ॅपांमधली वर्तुळे पांढऱ्या चौकोनांत बसलेली दिसू लागली. कोपरे पारदर्शक ठेवले तरी त्यांच्या पोटात कोणता तरी रंग दडलेला असतोच. रंगमूल्ये पारदर्शकतेने आधीच गुणलेली नसतील तर आकार बदलताना तो रंग कडेत झिरपतो आणि चेहऱ्याभोवती पांढरट किंवा काळपट कडे उमटते. फोनवर आयत्या वेळी रंगवलेली कड मात्र खालची पार्श्वभूमी कोणतीही असली तरी तिच्यातच मिसळते.

(फोनवर रंगवतानाही एक खोच आहे. वर्तुळाभोवती रंगीत कडे काढायचे असेल आणि त्याची बाहेरची रेषा छायाचित्राच्या कडेशी तंतोतंत जुळवली, तर दोन्हींच्या अर्धवट पिक्सेलांमधून छायाचित्राचा रंग केसाएवढ्या रेषेने कड्याबाहेर डोकावतो. छायाचित्राची त्रिज्या कड्याच्या बाहेरच्या रेषेपेक्षा एखाद्या पिक्सेलने कमी ठेवली की तो जातो. यात माझा एकदा जवळजवळ अर्धा दिवस गेला होता.)

चौथे कारण ‘सर्वत्र सारखे दिसते’ हे, आणि माझा सर्वांत मोठा आक्षेप इथे आहे. आकार ही रचनाकाराची निवड असते आणि ती बदलते. ट्विटरने २०१७ च्या जून महिन्यात चौकोनी छायाचित्रे गोल केली. जानेवारी २०२२ मध्ये एनएफटी (डिजिटल मालकीची नोंद असलेले चित्र) लावणाऱ्या सशुल्क सदस्यांसाठी षटकोन आणला. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये संस्थांच्या खात्यांना पुन्हा चौकोन दिला. साडेपाच वर्षांत एकाच अ‍ॅपमध्ये तीन आकार झाले. ज्याच्याकडे केवळ गोल कापलेल्या फाइली आहेत त्याला असा बदल करताना कोपरे कुठून आणायचे, हा प्रश्न पडेल. वर्तुळातून चौरस काढायचा तर तो वर्तुळाच्या आत बसवावा लागतो, आणि आत बसणाऱ्या मोठ्यात मोठ्या चौरसाचे क्षेत्रफळ मूळ चौरसाच्या नेमके निम्मे असते. म्हणजे कपाळ, कान आणि खांदे गेलेच.

फोनच्या व्यवस्था स्वतः काय करतात, तेही पाहण्यासारखे आहे. अँड्रॉइड ८.० पासून अ‍ॅपचे चिन्ह १०८×१०८ डीपीच्या पूर्ण चौरस थरांत मागितले जाते; त्यातला मधला ७२ डीपीचा भाग लाँचर (होमस्क्रीन दाखवणारे अ‍ॅप) आपल्या आवडीच्या साच्यातून दाखवतो, मग तो साचा गोल असो वा गोलसर चौकोनी, आणि महत्त्वाचा मजकूर ६६ डीपी व्यासाच्या वर्तुळात ठेवावा एवढीच अपेक्षा असते. अ‍ॅपलही चिन्ह चौरसच मागते आणि कोपरे स्वतः गोल करते. ज्यांना कोट्यवधी फोनांवर एकसारखेपणा राखायचा आहे, त्यांनी कापलेले चित्र मागण्याऐवजी पूर्ण चित्र मागण्याचा मार्ग पत्करला आहे.

कापण्याची जागा हा आणखी वेगळा प्रश्न आहे. ३:४ प्रमाणातल्या उभ्या छायाचित्राचा मधला चौरस घेतला की वरून आणि खालून प्रत्येकी एक अष्टमांश भाग जातो, त्यावर वर्तुळाने वरचे कोपरे घेतले की उंच उभ्या माणसाचे डोके अर्धवट राहते. सर्व्हरने हे एकदा चुकीचे कापले की मूळ छायाचित्र वेगळे जपून ठेवल्याशिवाय दुरुस्ती नाही. आणि मूळ जपायचेच असेल तर गोल फाइलीचे प्रयोजन काय, हे सल्ला देणाऱ्यांनी सांगावे. चेहऱ्याच्या मध्याचे दोन आकडे छायाचित्रासोबत साठवले की गोल, चौकोन किंवा आडवी पट्टी यांपैकी काहीही त्या मध्याभोवती बसवता येते.

पाचवे कारण सर्वांत कच्चे आहे. अँड्रॉइडचा जुना व्ह्यू असो की आयओएसचे यूआयकिट (पडदे रचण्याची चौकट), स्पर्श कुठे झाला हे मुळात व्ह्यूच्या आयताकृती सीमेवरून ठरते; आतल्या फाइलीचे कोपरे पारदर्शक आहेत की नाहीत, हे कोणी विचारत नाही. शिवाय अ‍ॅपल ४४ पॉइंट आणि अँड्रॉइड ४८ डीपी एवढे किमान स्पर्शक्षेत्र सुचवते, तेव्हा ३२ डीपीच्या वर्तुळाभोवती ते वाढवण्याचीच गरज असते. दाबल्यावर उमटणारी लहर गोलात राहावी एवढीच इच्छा असेल तर जेटपॅक कंपोझ या अँड्रॉइडच्या पडदे रचण्याच्या साधनात क्लिप (कापणे) आधी आणि क्लिकेबल (दाबता येणे) नंतर लिहावे. क्रम उलटला की लहर चौकोनी पसरते.

आधी कापलेली गोल प्रतिमा लागतेच, अशी एक जागा मात्र मला मान्य आहे: अँड्रॉइड १२ च्या आधीच्या फोनांवरचे होमस्क्रीन विजेट. ते दुसऱ्या प्रक्रियेत रंगवले जाते आणि रिमोटव्ह्यूजमध्ये, म्हणजे विजेटसाठी पाठवायच्या वर्णनात, आपला स्वतःचा रंगवणारा कोड पाठवता येत नाही, म्हणून तयार गोल बिटमॅप द्यावा लागतो. पण तोही अ‍ॅपने चौरस छायाचित्रातून, त्या फोनच्या घनतेला आणि त्या क्षणीच्या मापाला धरून कापावा. सर्व्हरने त्यात पडण्याचे कारण नाही.

ज्यांनी हा सल्ला मानून हजारो फाइली आधीच कापल्या आहेत, त्यांनी आजपासून येणारे प्रत्येक छायाचित्र पूर्ण साठवायला सुरुवात करावी, त्याच्या दोन-तीन मापांच्या चौरस प्रती द्याव्यात आणि प्रत्येक नोंदीवर ‘जुने, गोल कापलेले’ अशी एक खूण ठेवावी. त्या खुणेच्या फाइली अ‍ॅपने फक्त वर्तुळातच दाखवाव्यात आणि मोठ्या पडद्यावर उघडू देऊ नयेत. वापरकर्ते छायाचित्रे बदलत जातील तशा त्या कमी होत जातील. जे कधीच बदलणार नाहीत, त्यांच्याकडे नवे छायाचित्र मागण्यावाचून उपाय नाही.