मागितलेलं सोडून सगळं

महाराष्ट्र मंडळात पद मिळवावं लागत नाही, चुकवावं लागतं. सर्वसाधारण सभेत जो वडा घ्यायला उठतो, तो परत येईपर्यंत कशाचा तरी प्रमुख झालेला असतो. मी तर नुसती चटणी आणायला उठले होते. येऊन बघते तर माझ्या नावावर समाजकार्य समिती लागलेली आणि टाळ्यासुद्धा वाजून गेलेल्या. समितीत आणखी कोण आहे, असं विचारल्यावर खजिनदारकाका म्हणाले, "तुम्ही सुरुवात तर करा वहिनी, माणसं आपोआप येतात." माणसं आली. सूचना दिल्या आणि गेली.

आमचं मंडळ न्यू जर्सीतलं, एडिसनच्या परिसरातलं. ज्यांनी ओक ट्री रोड पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. एडिसन आणि आयसेलिनमधून जाणाऱ्या या रस्त्यावर सोनं, साड्या, पाणीपुरी, मिठाई असं सगळं ओळीने मिळतं. मिळत नाही ते फक्त पार्किंग. २०१० च्या जनगणनेत एडिसनमधली २८ टक्के माणसं भारतीय वंशाची होती. दिवाळीच्या आधीच्या शनिवारी तिथे गाडी लावायला गेलं, की उरलेले ७२ टक्के राहतात तरी कुठे, असा प्रश्न पडतो.

इतकी आपली माणसं हाताशी असताना समाजकार्याला काय तोटा, असं कुणालाही वाटेल. तोटा नाहीच. दानत भरपूर आहे. फक्त आपली माणसं मागितलेलं सोडून सगळं देतात.

सांस्कृतिक समितीला हे कधीचंच ठाऊक आहे. गणपतीच्या कार्यक्रमात प्रत्येकाकडे चार मिनिटं मागितली जातात आणि प्रत्येक जण उदार मनाने चौदा देतो. त्यातून निवेदिका "वेळेअभावी" हा शब्द घेऊन पाच मिनिटं बोलते. आमचा गणपती शाळेच्या ऑडिटोरियममध्ये बसतो. भाडं, विम्याचं सर्टिफिकेट, आणि रात्री नऊनंतर कस्टोडियनचा, म्हणजे शाळेची देखभाल करणाऱ्याचा, ओव्हरटाइम. त्यामुळे खजिनदारकाका पहिल्या रांगेत बसून कलाकाराकडे न बघता घड्याळाकडे बघतात, आणि लावणी रंगात आली की त्यांचा चेहरा उतरतो. शाळेत उघडी ज्योत चालत नाही, म्हणून निरांजनात बॅटरीचा दिवा असतो आणि कापूर देवाला डबीतूनच दाखवतात. मला त्याचं काही वाटत नाही. थॉमस एडिसनने १८७९ साली ज्या मेन्लो पार्कमध्ये विजेचा दिवा लावला, ते याच गावात. १९५४ मध्ये गावाने त्याचंच नाव घेतलं. इथल्या गणपतीच्या नशिबात तेलवात नाही, हे तेव्हाच ठरलेलं असणार.

तर याच गणपतीत रक्तदान शिबिर घ्यायचं अध्यक्षांच्या मनात आलं. त्यांच्या लहानपणी ठाण्यातली सगळी मंडळं गणेशोत्सवात शिबिर घ्यायची. परंपरा इथेही चालू राहायला हवी, असं ते म्हणाले. राहायला हवी, पण चालवायची मी. रक्तपेढीशी बोलणी केली, शाळेच्या आवारात बस उभी करायची परवानगी काढली, नावनोंदणीचा तक्ता ग्रुपवर टाकला. तक्ता संध्याकाळपर्यंत भरला. एवढा प्रतिसाद मंडळात यापूर्वी फक्त आंब्याच्या पेट्यांच्या ऑर्डरला मिळाला होता.

सप्टेंबरातली ती सकाळ. झब्बे घातलेले पुरुष बाह्या सरसावून बसच्या दारात उभे. आत नर्सबाई शांतपणे प्रश्न विचारत होत्या. गेल्या तीन महिन्यांत अमेरिका-कॅनडाच्या बाहेर गेला होतात का?

आता इथल्या शाळांना जूनच्या शेवटी सुट्टी लागते आणि सप्टेंबरात त्या उघडतात. मधल्या काळात एडिसनमधला मराठी माणूस कुठे असतो, हे त्याच्या सासूला विचारा. अख्खं मंडळ पुणे, नाशिक, डोंबिवली करून नुकतंच परतलं होतं. भारत म्हणजे मलेरियाचा प्रदेश, तिथून आल्यावर तीन महिने रक्त घेत नाहीत. पहिले काका उतरले, दुसरे काका उतरले. तिसऱ्या काकांनी वाद घातला. आमचं घर कोथरूडला आहे, नवव्या मजल्यावर, तिथे डास येत नाहीत. नर्सबाईंनी यादी काढून दाखवली. संपूर्ण देश, मुंबई-दिल्लीसकट. सूट फक्त हिमालयाकडच्या काही भागांना, तीही दोन हजार मीटरच्या वर. काका म्हणाले, "मग महाबळेश्वर?" महाबळेश्वर कसलं, आपलं कळसूबाईसुद्धा १६४६ मीटरवर संपतं! महाराष्ट्रात राहून या यादीतून सुटायची सोयच नाही. काका नवव्या मजल्यावरून खाली आले.

जे उन्हाळ्यात गेले नव्हते, त्यातले निम्मे भारतातूनच नवे आलेले निघाले. मलेरियाच्या देशात वर्षानुवर्षं राहिलेल्यांना तीन वर्षं थांबावं लागतं. उरल्या महिला. बायकांना हिमोग्लोबिन किमान १२.५ लागतं. आमच्या चिटणीसबाईंचं ११.८ निघालं आणि रांगेत मागे उभ्या असलेल्या एका काकूंनी तिथल्या तिथे खजूर, बीट आणि अळिवाचे लाडू या विषयावर मार्गदर्शन सुरू केलं. नर्सबाईंनी अळिवाचं स्पेलिंग लिहून घेतलं. रक्त कुणाचंच घेतलं नाही.

त्या दिवशी मंडळाची लाज राखली ती व्हिसाच्या पोरांनी. एच-वनवरची, म्हणजे नोकरीच्या व्हिसावरची ही मुलं, देशात गेलो आणि स्टॅम्पिंग, म्हणजे पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का, अडकलं तर नोकरी जायची, या धास्तीने तीन-चार वर्षं इथून हललेली नाहीत. बहिणीचं लग्न मोबाइलवर बघितलेली पोरं. मलेरियाच्या यादीच्या दृष्टीने अतिशय शुद्ध. त्यातला एक जण हातावर पट्टी दाबत खाली उतरला आणि मला म्हणाला, "चला काकू, आमच्या व्हिसाचा कुणाला तरी उपयोग झाला." मला एकदम काय बोलावं ते सुचेना. काकू म्हणाला, तेही तेवढ्यापुरतं सोडून दिलं. रक्तदात्यांसाठी ठेवलेली बिस्किटं आणि ज्यूस त्याच्या हातात द्यावा म्हणून टेबलाकडे वळले, तर टेबल रिकामं. परत पाठवलेल्या काकांनी तेवढं कार्य पार पाडलं होतं.

कोटांच्या मोहिमेबद्दल फार बोलत नाही. इथे थंडीच्या तोंडावर गरजूंसाठी वापरलेले पण धड असलेले जाड कोट गोळा करतात. आम्ही कोट मागितले. आले ते असे: लग्नातला ब्लेझर, चाक तुटलेली मोठी बॅग, एक नऊवारी, आणि शाली. शाली इतक्या, की मला आधी काश्मीरशी संबंध असेल असं वाटलं. मग एकीच्या घडीत मंडळाचं कार्ड सापडलं. गेल्या कित्येक वर्षांत सत्कारात आम्हीच दिलेल्या शाली होत्या त्या. सांस्कृतिक सचिव येऊन गेले, त्यातल्या बऱ्या निवडून पुढच्या सत्कारांसाठी घेऊन गेले. श्रीफळ तेवढं नवीन घेतात.

खरी कसोटी नोव्हेंबरात. थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी सगळीकडे फूड ड्राइव्ह, म्हणजे गरजूंसाठी शिधा गोळा करायच्या मोहिमा, असतात. शाळा करतात, चर्च करतात, किराणा दुकानं करतात, मग आपण मागे का? इथल्या धान्यकोठीने, म्हणजे फूड पँट्रीने, स्वच्छ यादी दिली होती: डबाबंद बीन्स, डबाबंद भाज्या, ट्यूना मासा, पीनट बटर, सीरियल, पास्ता. सीलबंद हवं, तारीख उलटलेली नसावी, घरी केलेलं चालणार नाही. यादी मी मराठीत, इंग्रजीत आणि चित्रांसकट ग्रुपवर टाकली. अंगठे पुष्कळ आले.

खोकी माझ्या गॅरेजमध्ये ठेवली होती. नवरा रोज संध्याकाळी गाडी बाहेर लावायचा आणि विचारायचा, "आज काय पिकलं?" पिकलं ते दिवाळीचं. दिवाळी नुकतीच होऊन गेलेली, घरोघरी डबे भरलेले, कोलेस्टेरॉलचे रिपोर्ट हातात आलेले. चकल्या आल्या, शंकरपाळे आले, एक बेसनाचे लाडू आले त्यांच्यावर नाव नव्हतं पण करणारीचा हात मी ओळखला. तूरडाळीच्या दहा-दहा पौंडांच्या पिशव्या आल्या. मेतकूट आलं. त्यावर तारीख नव्हती, पण वासावरून ते आमच्याआधी अमेरिकेत आलं असावं. डबाबंद म्हणावं असं एकच घर निघालं. त्यांनी गोया कंपनीच्या चण्यांचे डबे दिले आणि दोन दिवसांनी त्यातला एक परत मागून नेला, पाहुणे आले म्हणून.

फराळ मी बाजूला काढला (कुठे गेला ते विचारू नका) आणि बाकीचं घेऊन पँट्रीत गेले. तिथे एक सत्तरीच्या बाई टेबलामागे बसतात. नाकाच्या टोकावर चष्मा, हातात मार्कर. एकेक वस्तू उचलतात, उलटी करून तारीख बघतात आणि डावीकडे किंवा उजवीकडे ठेवतात. उजवीकडे फळ्या, डावीकडे कचऱ्याचा मोठा पिंप. मेतकूट वासाशिवायच डावीकडे गेलं. मग त्यांच्या हातात एक काचेची बरणी आली. झाकणाला गोल गोल सेलोटेप, तीन प्लॅस्टिकच्या पिशव्या, आणि वर निळ्या पेनने लिहिलेलं: "आई – कैरी – मे". बरणी कुणीतरी चुकून खोक्यात टाकली होती किंवा रागाने, ते मला अजून कळलेलं नाही. बाईंनी ती उजेडाकडे धरली आणि जॅम आहे का, असं विचारलं. म्हटलं, नाही. मग काय आहे? तेल, मीठ, तिखट आणि कच्चा आंबा. किती दिवस टिकतं? वर्षभर. फ्रिजमध्ये? बाहेर. त्यांनी बरणी फार जपून खाली ठेवली, डावीकडेही नाही आणि उजवीकडेही नाही. बाँब सापडल्यावर ठेवतात तशी. मी ती पर्समध्ये टाकून घरी आणली. जेवणाला उत्तम होती.

तूरडाळीच्या पिशव्या आल्या तेव्हा मी आधीच माफीच्या तयारीत होते. यादीत नाही हे मला माहीत आहे, आमच्या लोकांना सांगितलं होतं, वगैरे. बाईंनी हात वर केला. त्यांनी दाखवलेल्या खुर्च्यांच्या रांगेकडे मी पाहिलं. तिथे आपल्याकडचं एक म्हातारं जोडपं दर आठवड्याला येतं म्हणे. मुलाबरोबर राहतात, मुलाची नोकरी गेली आहे. गुजराती असावेत. पिशवी उघडतात, ट्यूना आणि चिकन सूप काढून परत टेबलावर ठेवतात, नीट ओळीत, आणि तांदूळ-बटाटे तेवढे घेऊन जातात. अशी आणखीही काही घरं आहेत. बाईंनी मार्करने तूरडाळीच्या पिशवीवर मोठी बरोबरची खूण केली आणि विचारलं, ही पिवळी डाळ आणखी मिळेल का? बीन्सचे डबे त्यांच्याकडे छतापर्यंत होते.

मी गाडीतच बसून ग्रुपवर लिहिलं: कृपया या वेळी फक्त तूरडाळ आणि तांदूळ आणावेत, डबे अजिबात नकोत. सगळी हकिगतही लिहिली. त्या रात्री ग्रुपवर फार भावनिक वातावरण होतं. हात जोडलेले, डोळे भरलेले, एकांनी तर चारोळी केली.

पुढच्या रविवारी गॅरेज उघडलं. बीन्सचे डबे भिंतीपर्यंत रचलेले. पास्ता, सीरियल, पीनट बटर, जे जे पहिल्या यादीत होतं ते सगळं, चित्राबरहुकूम. आणि सर्वात वर, चातुर्मासात कांदा-लसूणसुद्धा न खाणाऱ्या आमच्या अळीववाल्या काकूंकडून, ट्यूनाचे बारा डबे. सोबत चिठ्ठी: "उशीर झाला, क्षमस्व. यादी आजच वाचली."