क्यूआर कोडवर विसंबू नका

आयात मालाच्या बीआयएस (भारतीय मानक ब्युरो, दर्जा प्रमाणित करणारी सरकारी संस्था) प्रमाणपत्रावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की तपासणी झाली, असं तुमच्याकडच्या एका लेखात म्हटलंय. मला हे धोक्याचं वाटतं. ज्याने बनावट पीडीएफ केली, तो कोडही स्वतःचाच टाकणार आणि तुम्हाला हुबेहूब खोट्या संकेतस्थळावर नेणार! चीनहून आलेल्या चार्जरवरचा आर-क्रमांक (बीआयएसचा नोंदणी क्रमांक) बीआयएसच्याच ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये स्वतः टाइप करा. क्रमांक खरा निघाला तरी थांबू नका. कारखान्याचा पत्ता, ब्रँड, वस्तूचा प्रकार जुळवून बघा. नोंदणी त्या कारखान्याला, त्या ब्रँडसाठी असते, त्यामुळे दुसऱ्याचा खरा क्रमांक छापून माल खपवणं सोपं जातं. खेळण्यांना तर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, परदेशी कारखान्यांनाही. लहान मुलं ती तोंडात घालतात हो! खेळण्यांवरचा सीएम/एल क्रमांकही (आयएसआय चिन्हाचा परवाना क्रमांक) त्याच ॲपवर तपासता येतो.